दोन बर्नरचा तवा

सुतळीला दोन गाठी मारून नेल्या होत्या,
या बर्नरपासून त्या बर्नरपर्यंत.
भांडे ओळीत हेडाऊंनी सुतळी पाहिली, मग मला.
"बिडाचा घ्या बाई, नातवापर्यंत जाते."
मला तो मोरीपर्यंत न्यायचा आहे, म्हटलं,
डाव्या मनगटात रॉड आहे.

नॉनस्टिक हलका. बोटानं वाजवला,
होला हो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.
बिडाचा वाजला
तर समोरच्या दुकानातल्या पोरानं मान वर केली.

इकडे धिरडं, तिकडे वांग्याचे काप,
मधे आच पोचत नाही
तिथं आधीची पोळी ऊन राहील –
एवढा हिशेब उभ्या उभ्याच झाला.

रिक्षात मांडीवर घेतला.
मे महिना, दुपारचे दोन.
तो आधीच तापलेला.