पाना

मिरज रोडच्या आमच्या गॅरेजात
खिळ्याला एक पाना लटकतो. इंची मापाचा.
इथल्या कुठल्याच नटाला बसत नाही.

हैबती आज्ज्याचा. कवठ्यातून निघाला तेव्हा
त्यानं बैलगाडीखेरीज काही हाकलं नव्हतं.
पलटणीनं तीन आठवड्यांत लॉरी शिकवली
आणि झाहिदानहून मशहदला धाडला.
आधी वाळू, मग बर्फ.
पहाटे इंजिनाखाली रॉकेलचा जाळ धरायचा,
तेल पातळ झालं की निघायचं.

पलीकडे रशियन शिपाई
टायरला बुटाची ठोकर मारत मोजायचा,
सही करायचा, अर्धा काळा पाव द्यायचा.
नुसता माल नाही, अख्खी गाडीच देऊन यायची.
परतताना बावीस ड्रायव्हर एका लॉरीच्या हौद्यात;
झोपेतही कुणाचा ना कुणाचा
डावा पाय क्लच दाबायचा.

"पुढं कुठं गेल्या गाड्या?"
"लढाईवर. आपण काय बघितलं न्हाई."

मग तीस वर्षं सांगलीच्या हळदपेठेत,
दुसऱ्याचा ट्रक.
शेवटी डोळे गेले, तरी
दारावरनं गाडी गेली की म्हणायचा,
"मागचं डावं चाक ढिलं हाय."

आम्ही पोरं धावत जाऊन बघायचो.
बहुतेक वेळा असायचं.