एकशे सत्याऐंशी मिलिमीटर

पाऊस सकाळी साडेआठला मोजायचा असतो.
त्या दिवशीही मोजला,
ग्रामपंचायतीच्या मागे, गुडघाभर गाळात उभं राहून.
मोजपात्र सात वेळा भरलं,
आठव्यांदा अर्ध्याला थोडं कमी.
एकशे सत्याऐंशी.
वहीत लिहिलं. अक्षर हललं, आकडा नाही.

तोवर गिरणीच्या ओट्यावर
कारण ठरूनही गेलं होतं.

सुपडूआप्पा म्हणाले, पवनचक्क्या.
डोंगरावरची ती पांढरी पाती,
जी तीन वर्षं आपले ढग कापून
गुजरातेत धाडत होती म्हणे,
त्यांनीच यंदा ढग ओढून आणले.
मी म्हटलं, आप्पा, एकच पंखा
हाकलतोही आणि बोलावतोही?
"कंपनीवालास्नी बटन उलटं दाबं व्हई, भाऊ."
यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

गोकुळने मोबाइल पुढे केला.
मध्यरात्रीचं विमान, शेपटीतून धूर,
आणि विमानाखाली, नीट बघा,
नारळाची झाडं.
कान नदीच्या काठी नारळ कधीपासून, गोकुळ?
तो म्हणाला, तुम्हाला सरकार पगार देतं,
तुम्ही असंच बोलणार.
(महिन्याला साडेसातशे. चार महिने थकलेत.)

मग वेडूबाई, ओल्या गोधडीचं पाणी पिळता पिळता:
"आसरास्ना डोह बुजाडा,
म्हनीसन पानी घरमा उनं."

इथे मी ओट्यावरून उठलोच.
अगं, हेच! डोहच बुजवला!
चारशे ट्रॅक्टर मुरूम, वर चुन्याच्या रेघा,
बावीस प्लॉट, एक कमान,
आणि ओढ्याच्या घशात कोंबलेला
दोन फुटांचा सिमेंटचा पाइप.
अर्धं वाक्य तू बरोबर बोललीस, वेडूबाई,
उरलेलं अर्धं सगळ्यांनी मिळून
नारळावर फोडलं.
शनिवारी खण, बांगड्या, सात लिंबं
पाइपाच्याच तोंडाशी वाहिली,
आणि जाताना त्याच मुरुमावर चपला काढून
हात जोडले.
नारळ अजून पाइपात अडकलेला आहे.
दिसतो. जाऊन बघा.

हे सगळं मी हसून सोडलं असतं.
पण रमकू.

गवताचे भारे विकणारी, नदीच्या अंगाला झोपडी असलेली.
त्या रात्री बारा वाजता तिने
एकेक दार बडवत अख्खी खालची आळी उठवली.
पाणी आलं दोनला.
आता त्याच दारांआडून विचारतात,
हिला दोन तास आधी कसं कळलं?
कुणीतरी तिच्या कुडाला बिब्बा टोचून ठेवलाय.
पोरं तिला पाहून रस्ता बदलतात,
त्यांतली दोन तिने खांद्यावरून नेली होती.

मी विचारलं तिला. साधंच विचारलं.
म्हणाली, नदीतले धोंडे वाजायचे थांबले.
पाणी वाढतंय आणि आवाज नाही,
म्हणजे कुठेतरी तुंबलंय.

एवढंच.
नदीचं नाव कान,
आणि ऐकणारी सगळ्या गावात एकटीच.

आता एक गोष्ट, जी वहीत नाही.
गेल्या श्रावणात तीन दिवस मी
मेहुण्याच्या साखरपुड्याला पिंपळनेरला होतो.
परत येऊन तिन्ही रकान्यांत
शून्य दशांश शून्य लिहून टाकलं.
आभाळ कोरडंच असणार, म्हटलं.
आप्पांचं बटन, गोकुळचं विमान,
आणि माझी ही तीन शून्यं:
कुणी विचारलं तर मीही
शपथेवर खरी सांगितली असती.

आज साडेआठला
डोक्यावर भारा घेऊन रमकू कुंपणापाशी थांबली.
इतक्या वर्षांत का पडला हे तिने कधी विचारलं नाही.
"किती?"
शून्य, मी म्हणालो,
आणि ती वळणाआड होईपर्यंत
मोजपात्र उन्हाकडे धरून
पुन्हा एकदा बघितलं.