त्रेचाळीस मिनिटं

सोसायटीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं :
'आपली कुत्री दुपारभर रडते.'
भुंकते असं नाही. रडते.
सेक्रेटरींचं मराठी इतकं नेमकं असेल
असं वाटलं नव्हतं.

मग वही केली.
पहिल्या पानावर : किल्ली उचलणे, परत ठेवणे. वीसदा.
बूट घालून वाटाणे सोलत बसणे.
पर्स खांद्याला अडकवून पोळ्या लाटणे.
किल्लीचा अर्थ पुसून टाकायचा होता
खारीच्या कानातून.

मग दार. अर्धं मिनिट.
नेरूळची सिडकोची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही;
मी मीटरच्या पेटीशी उभी, श्वास धरून,
आत तिची नखं फरशीवर,
दारापर्यंत, परत, दारापर्यंत.
एक मिनिट. दीड.
चौथ्या मिनिटाला तिनं दार ओरबाडलं
म्हणून पुन्हा दोन.
चढलेल्या पायऱ्या उतरायला लावणारा अभ्यास.

सगळ्यात अवघड, परत आल्यावर
काही झालंच नाही असं वागणं.
ती अख्खं अंग शेपटीसारखं हलवतेय
आणि मी फ्रीजमधून दूध काढतेय
एखाद्या भाडेकरूसारखी.

रजा संपली. वाशीची लॅब, दुसऱ्यांची रक्तं.
निघताना कोपऱ्यात माझी जुनी ओढणी पसरली,
घडीघडीत नाचणीच्या बिस्किटाचे तुकडे खोचले,
आणि जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून
कपाटावर ठेवला.

रात्री ऐकलं.
माझ्याशिवायचं माझं घर
मी पहिल्यांदाच ऐकत होते.
फ्रीजची घरघर. ग्रिलवर पारवे.
नळाचा तो थेंब, जो मला कधी ऐकूच आला नव्हता.
ओढणीतली बिस्किटं संपली तेही कळलं.
मग नखं.
मग तो आवाज, चिठ्ठीतल्या क्रियापदाचा.

एकविसाव्या मिनिटाला दाराबाहेर
काहीतरी सरकलं, लाकडी.
'कनाला रडतंस गो?
येल तुजी बाय. निज आता.'

समोरच्या चांगुणा घरत.
त्यांच्या सुकटीच्या वासाबद्दल
मीही एकदा चिठ्ठी दिली होती, याच सेक्रेटरींकडे.

त्या बोलत राहिल्या.
बोंबलाचा भाव. डावा गुडघा.
करावे गावातून खाडी किती जवळ दिसायची तेव्हा.
सुनेचा फोन, जो येणार होता.
त्रेचाळिसाव्या मिनिटाला खारीनं
लांब उसासा सोडला
आणि धप्पकन अंग टाकलं, दारालाच लागून बहुतेक.
मावशी त्यानंतरही बोलतच होत्या.

वहीत लिहिलं : त्रेचाळीस.
पेन जरा थांबलं.
यातली माझी किती?

सकाळी किल्ली उचलली.
खारीनं एक डोळा उघडला, मिटला.
बाहेर येऊन चपलांचा रॅक
हातभर अलीकडे ओढला,
एक पाट बसेल इतका.