घट

टॉवेलांचे गठ्ठे त्या बेटावर पोचले
आणि मागोमाग मी,
अशोक चौकाजवळच्या चोवीस मागांचा हिशेबनीस,
मालकाला ऐन वेळी कावीळ झाली म्हणून.
हॉटेलवाल्यांनी टॉवेल गालाला लावून पाहिला,
सही केली,
म्हणाले, आता आमचंही काही बघून जा.

पुढे मोराग नावाची बाई, बूट चिखलाचे.
फरशीवर सातू पसरलेला, ओला, मोड आलेला,
एक माणूस लाकडी फावड्यानं तो परतत होता
मोहोळच्या खळ्यावर ज्वारी परततात तितक्याच सावकाश.
खाली भट्टीत दलदलीच्या मातीच्या विटा धुमसत होत्या.
तांब्याचे हंडे असे,
की रुखवतातल्या घंगाळाला मान फुटावी
आणि ती वाकडी वाढत छताला लागावी.
आधी नाक, ती म्हणाली. मग जीभ. मग थांबा.
थांबा दोनदा म्हणाली.

गोदाम गार, काळोखं, पिंपांवर पिंपं.
दर साली शेकडा दोन उडून जातं, ती म्हणाली,
त्याला आम्ही देवदूतांचा वाटा म्हणतो.
सगळे हसले.
मला आमचा रकाना आठवला:
सूत आलं इतकं, कापड गेलं इतकं,
मधलं जे सापडत नाही ते, घट.
एकतीस वर्षं लाल शाईनं लिहितोय,
शेकडा दीड, कधी दोन.
कुठं जातं, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मे महिना. गच्चीवर चौघं.
रात्री नऊला फरशी अजून तळपाय भाजते.
परवाना काढलाय रीतसर,
छापलंय त्यावर, तब्येत राखण्यासाठी.
ग्लास चहाचेच, कटिंगचे.
शिवयोगी हत्तुरे हुंगून म्हणतो,
सिव्हिल हॉस्पिटल, वॉर्ड नंबर चार.
बालाजी येमूल म्हणतो, नाही रे,
खळ करपलीय, आमच्या सायझिंगच्या कढईत करपते तशी.
हबीब बागवान पीत नाही, नुसता वास घेतो,
तीन पिढ्या फळांत गेलेलं नाक.
नासपती, म्हणतो. जास्त पिकलेली. आज विकली तर विकली.
मोरागनं हेच सांगितलं होतं, पाठ केलेलं.
यानं न पाठ करता.

एक थेंब पाणी घाला, चव उघडते, मी सांगतो.
हत्तुरे नळाकडं बघतो.
नळ कोरडा, आज चौथा दिवस.
ड्रममधलं चालेल का?
घालतो. उघडते.
शेंगाचटणी पुढं येते आणि सगळ्या चवी एकदम बुडवते,
बरंच होतं ते.

मी थांबलेला असतो, सांगितल्याप्रमाणे,
आणि धुराच्या मागून नायना येतो.
गिरणीत पिंजण खात्यात होता,
घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या,
आम्ही हसायचो, म्हातारा आला म्हणून.
तेव्हा तो बत्तीसचा.
रविवारी शिंदीचा एक लोटा, पायरीवर बसून,
घोटाघोटाच्या मध्ये खोकला.
आम्हाला वाटायचं शिंदी कडक असेल.
एक्स-रे डॉक्टरनं खिडकीला धरला होता,
आत कापूसच कापूस.

आमच्याकडे देवदूत नव्हते, मोराग.

बाटली चादरींच्या कपाटात ठेवली.
बायकोनं पेननं खूण केली, माझ्यावर भरवसा नाही.
जूनमध्ये पाहिलं तर बोटभर खाली.
शपथ घेतली, मी नाही.
बूच सैल होतं, आणि आपल्या गावचं ऊन
कपाटाच्या दाराला जुमानत नाही.
ती म्हणाली, मग गेली कुठं?

त्या रात्री घरचीच वही काढली.
घट: एक बोट.
पुढे शेऱ्याचा रकाना,
कारखान्याच्या वहीत जो मी कधीच भरला नाही.
त्यात लिहिलं, गुर्रम नरसय्या राजमल्लू,
पिंजण खातं, दुसरी पाळी.
शाई वाळायची होती,
तेवढ्यात खाली कुणीतरी ओरडलं, पाणी आलं.
बादल्या लावायला उठलो.