तंगूस

नाथसागराचं पाणी उतरलं की
बुडालेल्या गावाची टेकडी वर येते.
चार महिन्यांचं बेट.
सुरय तिथं उघड्यावरच अंडी घालतात;
खडा कुठला, अंडं कुठलं, कळत नाही.

सोजरबाई होडी लांबच थांबवते.
होडी कसली, थर्माकोलचा तराफा.
कडेनं झिजतो, पांढरे दाणे सुटतात,
मासे ते खातात. तिला माहीत आहे.
लाकडी होडीला पैसे कुठून आणायचे?

तोवर ती तुटका तंगूस गोळा करते:
वठलेल्या बाभळीतून, शेवाळातून,
एकदा बगळ्याच्या पायातून,
दातानं तोडून.

"कामून येवढं करायलीस, मावशे?"
मच्छरदाणीनं बोटुकली उपसणारा बंकट विचारतो.
"पाणी तर समुद्राला चाललं."
"मंग? तिकडं बी कुणी जाळं टाकतच आसंल की.
आन् ती मच्छरदाणी आधी गुंडाळ."

घरी तंगुसाचा गोळा कोहळ्याएवढा झालाय.
नातू त्यावर बसून पाढे म्हणतो.

रात्री ती पदर झटकते,
थर्माकोलचे दाणे वाटीत वेचते.
आज एकवीस.
काल किती, ते ती सांगत नाही.