दुसऱ्या तारेपुरतं

थंडर बेमध्ये जानेवारीत
गिटार बाहेरून आत आणली की पेटी लगेच उघडायची नसते.
तासभर तशीच ठेवायची,
गाऱ्हाणं घेऊन आलेल्या पाहुण्यासारखी:
आधी टेकू द्यायचं, मग विचारायचं.
तोइवो पुक्किलाच्या दुकानात हा नियम
भिंतीवर लिहिलेला नाही, पण मोडला तर
तो दिवसभर बोलत नाही.
मी सहा वर्षं त्याच्या हाताखाली आहे.
असे दिवस मोजलेत.

परवा टेबलावर ते यंत्र आलं.
काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, गिटारच्या माथ्यामागे बसणारं.
सहाही तारा एकदम छेडायच्या.
आतल्या मोटारी कुरकुरतात,
खुंट्या आपल्याआप फिरतात,
लाल दिवे एकेक करून हिरवे होतात
आणि झालं. बारा सेकंद.

मेटल वाजवणारा ब्रॅडॉक म्हणाला,
दोन गाण्यांच्या मध्ये मला अख्खी गिटार खाली उतरवायची असते,
तेवढ्यात लोक बिअर आणायला उठतात.
लिजन हॉलवाली डॉर्था म्हणाली,
मी तीस वर्षं तारा लावता लावता जे बोलते
त्यावरच माझी बिदागी ठरते.
बारा सेकंदांत नवऱ्याच्या बोटीचा किस्सा
बोटीत बसेपर्यंतसुद्धा होत नाही.
कुणी म्हणालं, माथा जड होतो.
कुणी म्हणालं, उणे एकतीसमध्ये बॅटरी
म्हणजे उसनवारीवर भरवसा.
ल्यूसियन म्हणाला, ज्याला कान नाहीत त्याने ड्रम वाजवावा,
आणि ड्रमर दारातच बूट झटकत उभा होता.

तोइवो बराच वेळ एक जुना स्क्रू शोधत राहिला.
मग म्हणाला,
हिरवा दिवा म्हणजे बरोबर.
बरोबर आणि गोड, या दोन वेगळ्या गोष्टी.
तो दुसरी तार नेहमी किंचित उतरवतो,
दिव्याला खुपेल इतकी,
कानाला खुपणार नाही इतकी.
मग जीच्या कॉर्डमधला गंधार टोचायचा थांबतो,
बुटातला खडा काढल्यासारखा.

यंत्र ज्याचं होतं, तो ऑर्विल केसिक
एवढा वेळ हीटरशेजारी बसून होता.
कागदाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं.
वरचे सूर कारखान्याने पगारातून कापून घेतलेले.
तारा लावायला पूर्वी बायको बसायची समोर,
मान हलवून सांगायची, वर, अजून वर, बस.
दोन हिवाळे झाले, समोर कुणी नाही.
आमचं बोलणं त्याला निम्मंच पोचलं असावं;
तो सगळ्यांना हो म्हणत होता.
उठताना विचारलं, शनिवारी मिळेल?

त्या रात्री दुकान बंद करून तोइवो बसला.
बसवायला अर्धा तास लागला.
पुढचे तीन तास तो यंत्राला
एक चूक शिकवत होता.
तो दुसरी तार उतरवायचा,
ते इमानेइतबारे चढवायचं.
तो पुन्हा उतरवायचा.
दोघांचाही पीळ जाईना.
मधेच फिन्निशमध्ये काहीतरी म्हणाला,
त्याचा अर्थ मी कधी विचारलेला नाही.
साडेअकराला हिरवा दिवा लागला,
उतरलेल्या तारेवर.

शनिवारी ऑर्विलने तारा छेडल्या.
यंत्र कुरकुरलं. मग हनुवटी
गिटारच्या खांद्यावर टेकवून त्याने जीची कॉर्ड धरली,
सुटेपर्यंत धरून ठेवली.
काय, लागलीय?
लागलीय, आम्ही म्हणालो.
तुम्ही काय, लागलीयच म्हणणार.
आणि पुन्हा तीच कॉर्ड.

बिलात यंत्र बसवल्याचे पैसे होते.
दुसऱ्या तारेचा उल्लेख नव्हता.
तो दार उघडून निघाला, उणे अठ्ठावीसमध्ये.
घरी गेल्यावर लगेच उघडू नकोस,
तोइवो ओरडला. दोनदा.
पहिल्यांदा ऐकू गेलं नाही म्हणून.