अर्जदाराचा घटनेशी संबंध

शहाण्यानं चढू नये म्हणतात ती पायरी
आमच्या उत्तर मिनेसोटात बर्फानं आणखीच निसरडी.
मी सकाळी तिच्यावर मीठ टाकते,
आत येऊन खिडकीची काच पुसते.
काचेला तळाशी फट आहे, मनगटापर्यंत हात जाईल एवढी.
त्या फटीतून एकोणीस वर्षं कागद सरकवतेय.

लोक येतात. ट्रकवर आदळलेल्या हरणाची नोंद हवी असते,
विम्यासाठी.
स्कूलबस चालवायची म्हणून कुणी
स्वतःचाच गुन्ह्यांचा इतिहास मागतो,
आणि तो कोरा निघाला तरी
कागद उलटून बघतो, मागे काही आहे का.

मार्लिस स्कुबिक मंगळवारी आली.
बुटांवर खाणीचा लाल चिखल, गोठलेला.
म्हणाली, केस नंबर माहीत नाही,
तारीखही नाही. एकोणऐंशीचा नोव्हेंबर.
शिकारीचा हंगाम असणार, कारण बापाच्या अंगात
नारिंगी जाकीट होतं.

फॉर्म भरभर भरला तिनं.
मग एका चौकटीपाशी पेन अडलं:
अर्जदाराचा घटनेशी संबंध.
आरोपी, तक्रारदार, साक्षीदार, वकील, इतर.
"सात वर्षांची होते. मी यातली कोण?"
मी म्हटलं, इतरवर खूण करा,
सगळे तेच करतात.

तळघरात बॉयलरला टेकून खोकी आहेत.
एका खोक्यावर कुणीतरी कधीकाळी कॉफीचा कप ठेवला होता,
त्याच्या गोल डागाखाली ते वर्ष सापडलं.
सव्वा पान. टाइपरायटरचा 'ई' तुटलेला.

नियम असा की मुलाचं नाव झाकायचं.
कायद्याच्या भाषेत मूल म्हणजे अज्ञान.
मी मार्कर घेतला, चार ठिकाणी काळी पट्टी ओढली,
झेरॉक्स काढली, पुन्हा ओढली,
कारण उजेडाला धरलं तर अक्षरं दिसत होती.

पानाला पंचवीस सेंट. सव्वा पानाची आम्ही दोन धरतो.

ती काउंटरवरच वाचू लागली, ओठ हलवत.
*फोन ▇▇▇▇ हिने केला. वय सात.
दार पुरुषाने उघडले. दारूचा वास.
पत्नी स्वयंपाकघरात, डोळ्यावर गोठलेल्या मटाराची पिशवी.
पाय घसरला म्हणते.
कारवाई नाही.
निघताना ▇▇▇▇ खिडकीत. हात हलवला.
मीही हलवला.*
खाली सही, आर. टोइव्होनेन.

बोट पहिल्याच पट्टीवर थांबलं होतं.
"हे माझं नाव आहे ना?"
ते मला सांगता येत नाही, मी म्हटलं.
ओळखपत्र आणा, दुसरा अर्ज करा,
दहा दिवस लागतात.
बोलताना माझं मलाच ऐकू आलं.

ती हसली. हसणं वाईट नव्हतं.
"आई मरेपर्यंत सांगायची, कुणी फोन केला नव्हता,
कुणी आलंच नव्हतं, तुला स्वप्न पडलं.
मी तिचं ऐकलं.
नवऱ्याला सांगताना मीही म्हणायचे,
एक स्वप्न पडायचं मला लहानपणी."

मग फटीतून हात घालून
तिनं स्वतःचा फॉर्म मागे ओढला.
शिक्का मारलेल्या कागदावर खाडाखोड चालत नाही.
मी पाहिलं, आणि फोन वाजत नसताना
फोन उचलायला वळले.

इतरवरची खूण तिनं गिरगिटून खोडली.
तक्रारदारवर केली. इतकी दाबून
की खालच्या कार्बनवर, त्याच्याही खालच्यावर,
ती उमटली.

एक डॉलर देऊन गेली, सुटे घेतलेच नाहीत.
पन्नास सेंट ड्रॉवरमध्ये आहेत, पाकिटावर नाव लिहून.
पूर्ण नाव.

बाहेर तिची गाडी सुरू झाली.
इंजिन गरम ठेवायची वायर काढायला ती विसरली होती.
खांबापासून ती हिसका खाऊन निसटली
आणि गाडीमागं फरफटत गेली,
कोपऱ्यापर्यंत, बर्फावर
एक बारीक, वाकडी रेघ काढत.